लोखंड किलोवर, विचार कशावर?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या धंद्यात लोखंड किलोवर विकत येतं आणि पुष्कळदा किलोवरच विकलंही जातं. वखर घ्यायला आलेला शेतकरी आधी तो हातानं उचलून पाहतो, मग काट्यावर ठेवायला सांगतो. वजन गुणिले भाव, वर वेल्डिंगची मजुरी आणि रंगाचे थोडे पैसे, की झाली किंमत. परभणीत माझ्या वडिलांनी शेतीअवजारांचं वर्कशॉप काढलं तेव्हापासून आमच्याकडे हाच हिशेब चालत आला. या हिशेबात एक खर्च कुठंच धरलेला नसतो. अवजार असंच का असावं, याचा विचार करायला जो वेळ लागतो, त्याचा. काही वर्षांपूर्वी आम्ही पहिल्यांदा त्या वेळेचे पैसे मोजले. पुण्यातल्या एका डिझाइन आणि अभियांत्रिकी सल्लागार संस्थेबरोबर आम्ही एक अवजार तयार केलं. त्या कामातून काय हाती आलं, ते आज सांगायचं आहे.

अवजार अगदी साधं. पऱ्हाटी उपटायचा चिमटा. शहरातल्या श्रोत्यांसाठी सांगतो, कापूस वेचून झाला की शेतात जी वाळकी झाडं उभी राहतात ती पऱ्हाटी. पाऊस संपून तीन-चार महिने झालेले असतात, आमची काळी जमीन दगडासारखी घट्ट आवळलेली असते आणि कपाशीचं सोटमूळ खोल गेलेलं असतं. कोयत्यानं तोडलं तर बुडखा राहतो आणि त्याला पुन्हा फुटवे येतात. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं मराठवाडा-विदर्भात कपाशीचं किती नुकसान केलं ते आपल्याला आठवत असेल. फरदड घेऊ नका, वेळेत शेत रिकामं करा, असं कृषी विद्यापीठं आणि कृषी खातं तेव्हापासून अधिकच आग्रहानं सांगत आहेत. ज्यांच्याकडे ट्रॅक्टर आणि श्रेडर आहे त्यांचं काम उरकतं. दोन-तीन एकरवाल्याला मात्र ती हातानंच उपटावी लागते. शिवाय पऱ्हाटी चुलीला लागते, कुंपणाला लागते. हे काम बहुतेक बायाच करतात.

चिमटा तर बाजारात होताच. लांब दांडा, खाली दातेरी खाच आणि टेकायला पायपट्टी. खाच झाडाच्या बुडाशी अडकवायची, दांडा खाली दाबायचा, झाड मुळासकट वर येतं. आम्हीही तो वर्षानुवर्षं बनवत होतो. पण एक गोष्ट खुपत होती. लोक चिमटा विकत नेत, आणि पुढच्या वर्षी तो त्यांच्या गोठ्याच्या कोपऱ्यात गंजत पडलेला दिसे. बाया पुन्हा हातानं उपटत.

आता कुणी म्हणेल, परभणीत एवढं मोठं कृषी विद्यापीठ असताना पुण्याला कशाला जायचं? रास्त प्रश्न आहे. आपलं विद्यापीठ १९७२ पासूनचं आहे. तिथं कृषी अभियांत्रिकीचं महाविद्यालय आहे, पशुशक्तीच्या योग्य वापराची संशोधन योजना आहे, बैलचलित अवजारांवर तिथं बरंच काम झालं आहे. आमच्यासारख्यांनी त्यातून पुष्कळ घेतलं. पण एखादं तत्त्व शेतात चालतं हे दाखवणं हे एक काम. तेच अवजार छोट्या वर्कशॉपमध्ये रोज दहा-वीस, सगळी सारखी, परवडेल अशा किमतीत कशी निघतील आणि ती वापरणाऱ्याच्या हाताला कशी बसतील, हे दुसरं काम. हे दुसरं काम करणाऱ्या संस्था म्हणजे डिझाइन आणि अभियांत्रिकी सल्लागार. त्यांच्याकडे चित्र काढणारे असतात, गणित करणारे असतात आणि नमुना बनवणारे कारागीरही असतात.

डिझाइन म्हटलं की आपल्याला साडीचा काठ नाहीतर मोटारीचा आकार आठवतो. पण आपल्या देशात या विषयाची सुरुवात एका लोट्यापासून झाली असं म्हटलं तरी चालेल. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी जोडप्यानं १९५८ साली भारत सरकारला एक अहवाल दिला. त्यात त्यांनी आपल्या साध्या लोट्याकडे बोट दाखवलं. त्यात पाणी किती मावतं, तो कमरेवर कसा बसतो, भरलेला असताना तोल कसा राहतो, ओतताना धार कशी पडते, घासायला सोपा आहे का, असे प्रश्न एकामागून एक मांडले. पुढं १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था आणि १९६९ मध्ये मुंबईच्या आयआयटीत औद्योगिक डिझाइन केंद्र सुरू झालं. या मुंबईच्या केंद्राचं काम तर आपण सगळ्यांनी हाताळलं आहे. आपलं मतदान यंत्र. आतली इलेक्ट्रॉनिक्सची बाजू सरकारी कंपन्यांनी सांभाळली, आणि बाहेरचं रूप घडवण्याचं काम ए. जी. राव आणि रवी पूवय्या या तिथल्या प्राध्यापकांनी केलं. ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळावं म्हणून नाव, चिन्ह आणि बटण एका ओळीत. दाबल्यावर समोर दिवा आणि मोठा आवाज. गावात वीज नसली तरी बॅटरीवर चालणारं. हातात बोटाएवढं बटण येतं, पण त्यामागं हा सगळा विचार असतो.

तर आम्ही पुण्याला जायचं ठरवलं. सल्ल्याची फी आमच्या जवळजवळ एका हंगामाच्या नफ्याएवढी होती, तीन हप्त्यांत द्यायची. घरात वाद झाला. धाकटा भाऊ म्हणाला, ‘‘दादा, एवढ्या पैशात नवं कटिंग मशीन येतं. हे लोक आपल्याला कागद देणार.’’ वडील, म्हणजे आमचे अण्णा, एवढंच म्हणाले, ‘‘कागद घ्या, पर त्यांना आधी शेतात आणा.’’

आणायची गरज पडली नाही. पहिल्याच बैठकीत त्यांनीच शेत दाखवा म्हणून सांगितलं. जानेवारीत मानवत भागातल्या एका शेतात दोन तरुण अभियंते आणि एक डिझायनर मुलगी तीन दिवस बांधावर बसून होती. व्हर्नियरनं झाडांचे बुंधे मोजले. ताणकाटा लावून किती जोर लागतो ते पाहिलं. बायांची उंची, हातांची लांबी, दांडा धरताना खांदा किती वर जातो, सगळं वहीत उतरवलं. आम्ही मनाशी धरून चाललो होतो की अडचण जोराची आहे, म्हणजे दांडा लांब करायचा. तिथल्या एका मावशींनी त्या मुलीला सांगितलं, ‘‘बाई, उपटाया जोर लागत न्हाई. पर झाड दातात अडकून बसतंय. त्ये सोडवाया परत वाकावं लागतं. मंग चिमटा कशापायी? हातानंच बरं की.’’

हे वाक्य म्हणजे आमच्या सबंध फीची वसुली होती, असं मी आजही मानतो. खाच जितकी जोरात धरेल तितकं झाड घट्ट बसणार, हे यंत्रशास्त्र आहे. आम्ही धरण्यावर लक्ष दिलं होतं, सोडण्यावर कुणीच दिलं नव्हतं. आणि त्याचं कारणही त्या तीन दिवसांत उघड झालं. चिमटा विकत घेणारा एक असतो आणि वापरणारी दुसरीच असते. विकत घेणारा दुकानात येऊन वजन पाहतो. वापरणारी दुकानात कधी येतच नाही. तिचं म्हणणं आमच्या काट्यावर कधी चढलंच नव्हतं.

मग चार नमुने झाले. पहिला पुठ्ठ्याचा आणि लाकडाचा, नुसता आकार पाहायला. शेवटच्या नमुन्यात जबड्याची एक बाजू हलती ठेवली. दांडा पुन्हा वर नेला की तिची मागची टाच पायपट्टीला टेकते आणि जबडा आपोआप उघडतो. झाड गळून पडतं, वाकावं लागत नाही. दांड्याची लांबी वाढवली नाही. लांब दांड्याला जोर कमी लागतो हे खरं, पण हात तितकाच जास्त फिरवावा लागतो आणि बुटक्या बाईला तो खांद्याच्या वरून ओढावा लागतो. म्हणून फक्त त्याचा कोन बदलला.

इथं आमच्या बाजूनंही काही द्यावं लागलं. कारण सल्लागाराला पुण्यात जे सहज मिळतं ते परभणीत मिळेलच असं नाही. त्यांच्या पहिल्या आराखड्यात षट्कोनी खाचेचे ॲलन बोल्ट होते. मी म्हटलं, शेतकऱ्याकडे बारा-तेराचा पाना असतो, तेवढ्यात खोलता आलं पाहिजे. जबड्यासाठी त्यांनी खास पोलाद सुचवलं होतं. अण्णांनी ट्रकच्या जुन्या पाट्याचा तुकडा त्यांच्या हातात दिला. ते पोलाद चिवट असतं, गावचा लोहारही त्याला पाणी देऊ शकतो. त्यांनी ते तपासलं आणि मान्य केलं. चांगल्या सल्लागाराची खूण हीच, की तो तुमच्या गावचा लोहार हिशेबात धरतो.

सर्वांत उपयोगी गोष्ट तर अवजारात नव्हतीच. ती होती एक जिग, म्हणजे तुकडे पकडून ठेवायचा लोखंडी साचा. त्यात ठेवून वेल्डिंग केलं की प्रत्येक चिमटा सारखाच निघतो. कोणत्या मापात किती फरक चालेल आणि कुठं अजिबात चालणार नाही, हे त्यांनी कागदावर लिहून दिलं. पूर्वी एकाचा जबडा मोडला तर दुसऱ्याचा त्याला बसत नसे. आता सुटा भाग गिऱ्हाईक नुसता घेऊन जातो आणि घरी बसवतो.

एवढं सगळं होऊन चिमटा विकला गेला का? पहिल्या वर्षी फारसा नाही. नवा चिमटा जुन्यापेक्षा हलका झाला होता. डिझाइनवाल्यांनी जिथं लोखंडाचं काम नव्हतं तिथून ते काढून टाकलं होतं. गिऱ्हाईक उचलून पाही आणि म्हणे, ‘‘हलका हाये, टिकायचा न्हाई. आन् हलका तर भाव कमी करा.’’ म्हणजे ज्या विचारासाठी आम्ही पैसे मोजले, त्यानंच आमची किलोवरची किंमत घटवली! लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगावला लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडानं जमीन नासते म्हणून कुणी तो घेईना. पहिले नांगर खपायला दोनेक वर्षं गेली असं सांगतात. एवढ्या मोठ्या माणसाशी आमची बरोबरी नाही. पण नवं अवजार नुसतं बनवून भागत नाही, ते वापरणाऱ्याच्या हाती द्यावं लागतं, हे तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे.

आम्ही तेच केलं. दुसऱ्या हंगामात काही गावांतल्या बचत गटांना चिमटे दोन-दोन दिवस वापरायला दिले. पैसे मागितले नाहीत. परत आणायला गेलो तर निम्म्या ठिकाणी बायांनी ते परत दिलेच नाहीत, घरच्या माणसाला पैसे द्यायला लावले. तेव्हापासून हा चिमटा आम्ही काट्यावर ठेवत नाही. त्याची किंमत नगावर आहे.

ज्यांना असं काम करून घ्यायचं असेल त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. आराखड्याचे पैसे दिले म्हणजे आराखड्याचे हक्क आपोआप आपले होतात, असा समज असतो. कायद्यानं चित्र काढणारा त्याचा पहिला मालक असतो. हक्क आपल्याकडे यायचे तर ते लेखी लिहून, सही घेऊन घ्यावे लागतात. मुदत लिहिली नाही तर ती पाचच वर्षं धरली जाते. तेव्हा पहिला हप्ता देण्याआधी करार करावा. दुसरं, वस्तूच्या बाह्य रूपाची नोंदणी २००० च्या डिझाइन कायद्याखाली होते. ती दहा वर्षांसाठी असते आणि आणखी पाच वर्षं वाढवता येते. आतल्या नव्या युक्तीसाठी पेटंटचा रस्ता वेगळा. दोन्हीत नियम एकच धरून चाला, आधी अर्ज आणि मगच प्रदर्शनात मांडणी. तिसरं, केंद्र सरकारनं २०२२ मध्ये छोट्या उद्योगांसाठी आणलेल्या ‘एमएसएमई इनोव्हेटिव्ह’ योजनेत डिझाइनच्या खर्चाला मदतीची तरतूद केली होती. सध्याचे नियम काय आहेत, याची जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी करावी. आणि चौथं सगळ्यात महत्त्वाचं. सल्लागाराकडे जाताना उत्तर घेऊन जाऊ नका. ‘दांडा लांब करून द्या’ असं सांगितलं तर ते दांडा लांब करून देतील. ‘बाया चिमटा वापरत नाहीत’ असं सांगितलं तर ते शेतात येऊन बसतील.

परभणी, सेलू, जिंतूर, गंगाखेड, पूर्णा, कुठंही जा, वेल्डिंगच्या ठिणग्या उडवणारी दुकानं दिसतात. तिथले हात कुशल आहेत. गावोगावची मुलं अभियांत्रिकी शिकून पुण्या-मुंबईला जातात, त्यातली काही अशाच सल्लागार संस्थांत कामाला लागतात. या दोघांची गाठ पडली तर आपल्या जमिनीला, आपल्या हातांना बसणारी अवजारं इथंच तयार होतील. मात्र त्यासाठी लोखंडाइतकीच विचाराचीही किंमत द्यायची सवय आपल्याला लावून घ्यावी लागेल.

आमच्या वर्कशॉपमध्ये आता काट्याशेजारी एक वही ठेवली आहे. कुणी नवं अवजार बनवून मागितलं की लोखंड कापण्याआधी तीत लिहायचं: काम कोण करणार, कुठं अडतं, आज ते कसं निभावतं. सध्या हळदीच्या काढणीचं पान भरत आलं आहे. लोखंड अजून आणलेलं नाही.