पीएच.डी.ची जागा शोधताना
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



मी संशोधन संस्थेत नोकरी करते हे कळल्यापासून तुमच्यापैकी अनेकांनी एकच प्रश्न विचारलाय: "पोरगी एम.एस्सी. झाली, आता पीएच.डी. म्हणते. आम्हाला परवडेल का?" त्याचं उत्तर सगळ्यांनाच देते.

विज्ञानातली पीएच.डी. घरच्या पैशावर करायची नसते. सीएसआयआर-यूजीसी नेटमधून जेआरएफ मिळाली, तर २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,००० आणि वर घरभाडं भत्ता मिळतो. हे पैसे कधीकधी महिनोन्महिने अडकतात. म्हणून सुरुवातीच्या काही महिन्यांची तजवीज ठेवा.

नेट हुकली म्हणजे सगळं संपलं, असंही नाही. भौतिकशास्त्राला जेस्ट आहे, अभियांत्रिकीला गेट आहे, टीआयएफआरची स्वतःची प्रवेशपरीक्षा आहे. एकट्या पुण्यात एनसीएल, आयसर, आयुका, आघारकर संस्था आहेत; गोव्यात समुद्रविज्ञानाची एनआयओ आहे. बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्त्याही आहेत. प्रत्येकीचे निकष आणि तारखा वेगळ्या, त्यामुळे भिंतीवर तारखांचा तक्ता लावा.

परदेशाची रीत निराळी. जर्मनीत, नेदरलँड्समध्ये पीएच.डी.ची जागा बहुधा नोकरीसारखी जाहीर होते आणि पगार मिळतो. अमेरिकेत विभागाकडे अर्ज करायचा, पुष्कळ ठिकाणी मुदत डिसेंबरात संपते. तिथे आधी अभ्यासक्रम, सोबत विद्यार्थ्यांना शिकवण्याचं काम आणि त्याचं मानधन. "जागा मिळवून देतो, लाखभर द्या" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

आता सर्वांत महत्त्वाचं. संस्थेच्या नावाइतकाच मार्गदर्शक पारखून घ्यावा. त्याचे अलीकडचे दोन-तीन शोधनिबंध वाचून, त्यातलं काय आवडलं, आपल्याला काय येतं, हे दहा ओळींत लिहावं. एकच पत्र पन्नास जणांना धाडलं, तर ते वाचणाऱ्याला लगेच कळतं. होकार आला की त्याच्या जुन्या विद्यार्थ्यांना विचारावं: किती वर्षं लागली? आज कुठे आहात? आजारपणात रजा मिळत होती का? हे विचारण्यात संकोच नको, कारण आयुष्यातली पाच-सहा वर्षं तिथे जाणार आहेत.

पदवीनंतर कायमची नोकरी लगेच मिळेलच असं नाही, हे मुलांना आधीच सांगा. पण मुलगा संशोधन करतो तेव्हा आपण "शिकतोय" म्हणतो आणि मुलगी करते तेव्हा "वय वाढतंय" म्हणतो, हे मात्र थांबवू या. माझ्या डोळ्यांदेखत हुशार मुली याच एका वाक्यापायी प्रयोगशाळा सोडून गेल्या आहेत.

गुरुजनांनाही एक विनंती. शिफारसपत्र मागायला मूल आलं, तर "हुशार व होतकरू" एवढ्यावर थांबू नका. त्याने केलेलं एखादं काम नेमकं लिहा.

आणि पोरांना माझ्याकडे जरूर पाठवा. येताना तीन संस्था आणि तिथल्या एकेका शास्त्रज्ञाचं काम वाचून यायला सांगा. पुढचं आम्ही बसून ठरवू.