सफल जीवन कशाला म्हणावे?

(संस्थेच्या वार्षिक सभेत केलेले भाषण)



वर्षअखेरीस आम्ही आपल्यापुढे हिशेब मांडतो. किती रुग्ण दाखल झाले, किती शस्त्रक्रिया झाल्या, किती जण बरे होऊन घरी परतले, हे आकडे अहवालात यायलाच हवेत. परंतु जे बरे होऊ शकले नाहीत, ज्यांच्या उशाशी बसण्यापलीकडे आमच्या हाती काही उरले नाही, त्यांची सेवा कोणत्या रकान्यात मांडावी? तिला अपयश म्हणावे काय?

मत्तयाच्या शुभवर्तमानात प्रभू येशूने सांगितलेला एक दृष्टान्त आहे. परदेशी निघालेल्या धन्याने एका दासाकडे द्रव्याचे पाच वाटे सोपवले, दुसऱ्याकडे दोन आणि तिसऱ्याकडे एक. पहिल्या दोघांनी आपापले द्रव्य दुप्पट केले. दोघांची कमाई सारखी नव्हती. तरीही धन्याने दोघांची प्रशंसा अगदी एकाच शब्दांत केली. दोष लागला तो भयापोटी द्रव्य जमिनीत पुरून ठेवणाऱ्याला. ख्रिस्ती दृष्टीने जीवनाचे माप हे असे आहे. किती मिळवले यापेक्षा, जे सोपवले गेले ते विश्वासूपणे वापरले की नाही, हे तेथे पाहिले जाते.

आपल्याच महाराष्ट्रात या मापाने मोजावे असे एक जीवन होऊन गेले. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ चा. तरुणपणीच त्यांनी आईवडील व थोरली बहीण गमावली. पुढे भाऊ गेला आणि १८८२ मध्ये पतीही. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदासदन काढले व पुढच्याच वर्षी ते पुण्यास नेले. तेथे धर्मांतराचा वाद उठून अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. तरी त्या थांबल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील निराधार मुलींना त्यांनी आपल्याकडे आणले आणि केडगावी मुक्तिसदन उभे राहिले. हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी बायबल सोप्या मराठीत आणले. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा निवर्तली. ५ एप्रिल १९२२ रोजी स्वतः रमाबाईही गेल्या. संपूर्ण बायबल त्यांच्या पश्चातच प्रसिद्ध झाले. सुखसमृद्धीच्या मापाने या जीवनात तोटाच अधिक दिसेल. परंतु त्यांनी काहीही पुरून ठेवले नाही, आणि केडगावचे कार्य आजही चालू आहे.

रुग्णालयालाही भय वाटते. ज्यांच्या बरे होण्याची आशा नाही त्यांना दाखल करू नये, म्हणजे आकडे चांगले दिसतील, असा मोह आमच्याही मनात डोकावतो. हा मोह म्हणजेच जमिनीत खणलेला तो खड्डा होय. त्यात आम्ही आपली देणगी पुरणार नाही, असे आश्वासन आज आपल्या सर्वांच्या साक्षीने देतो.

आणि ज्यांचे माणूस येथून परत गेले नाही, त्या कुटुंबीयांना नम्रतेने सांगावेसे वाटते, की आपण रात्र रात्र जागून केलेली शुश्रूषा व्यर्थ गेलेली नाही. आमच्या अहवालात तिला रकाना नसेल. परंतु ज्याने ते माणूस आपल्याकडे सोपवले होते, त्याच्या हिशेबात तिची नोंद आहे, अशी आमची श्रद्धा आहे.