दवाखान्याची प्रत बायकांना विचारा
(तुळिंज येथील बैठकीत केलेले भाषण)



कापूस विकायला नेला की व्यापारी मूठभर कापूस हातात घेतो, ओल बघतो, कवडी बघतो आणि प्रत ठरवतो. सरकारी दवाखान्याची प्रत कोण ठरवतो? साहेब येतो, रजिस्टर बघतो, सही करून जातो. जिने तिथे बाळंतपण काढले, तिला कोणी विचारत नाही.

इथे बसलेल्यांपैकी कित्येकजण गावची कोरडवाहू जमीन मागे ठेवून पोटासाठी तुळिंजला आले. इथे महापालिकेचे रुग्णालय आहे, गावी उपकेंद्र. सपाट भागात ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र, ३०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा सरकारी हिशेब. पण इमारत म्हणजे सेवा नव्हे. कापूस वेचणीत बाईची मजुरी किलोवर. सकाळी दवाखाना उघडतो तेव्हा ती शेतात असते. दवाखान्यात गेली तर मजुरी बुडते, आणि वर पुरुष डॉक्टरपुढे अंगावरच्या पांढऱ्याचे दुखणे बोलवत नाही. मग ती दुखणे अंगावरच काढते.

हे माझ्या मनचे नाही. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ साली निष्कर्ष छापून आले. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोग निघाला. त्याआधी कधी तपासणी झालेल्या शंभरात फक्त ८. दुखणे घरोघर होते, दवाखान्याच्या रजिस्टरात नव्हते.

विचारले तर काय होते तेही महाराष्ट्राने पाहिले आहे. २००७ पासून अमरावती, उस्मानाबाद (आताचा धाराशिव), नंदुरबार, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवेवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. वसई तालुका तेव्हा ठाण्यातच होता. पालघर जिल्हा २०१४ चा. गावकऱ्यांनी सेवेचे प्रगतिपुस्तक भरले: चांगल्याला हिरवा रंग, बऱ्याला पिवळा, वाईटाला लाल. मग जनसुनावणीत अधिकाऱ्यांसमोर ते मांडले. बाहेरून औषध आणायची चिठ्ठी, मुक्कामी नसलेला डॉक्टर, बाळंतपणाला मागितलेले पैसे, सगळे चारचौघांत निघाले. काही केंद्रांत त्या चिठ्ठ्या बंद झाल्या.

तेव्हा गावोगाव एवढे करा. ग्रामसभेआधी बायकांची वेगळी बैठक घ्या. नर्सताई वेळेवर भेटते का? तपासताना आडोसा असतो का? औषध तिथेच मिळते का? बाळंतपणाला पैसे मागतात का? हे चार प्रश्न विचारा. २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषध, तपासण्या, जेवण आणि नेण्या-आणण्याची गाडी फुकट आहे. कोणी पैसे मागितले तर तारखेसह लिहून ठेवा. उत्तरे ग्रामसभेत वाचून दाखवा आणि ठरावाच्या वहीत नोंदवून घ्या.

आणि पुरुषांनो, त्या बैठकीच्या दिवशी चूल आणि पोरे तुम्ही सांभाळा. नाहीतर बैठकीला येणार कोण?