घरचं गाणं, नव्याने शिकलेलं



आज मी एकाच ध्वनिमुद्रिकेवर बोलणार आहे. लिंडा रॉनस्टॅटची ‘कान्सिओनेस दे मी पाद्रे’, म्हणजे ‘माझ्या वडिलांची गाणी’. ती 1987 साली आली तेव्हा लिंडा 41 वर्षांची होती. रॉक आणि कंट्री गाऊन तिने अमेरिकेतली मोठमोठी मैदानं भरवली होती. नेल्सन रिडलच्या वाद्यवृंदासोबत जुनी अमेरिकन गीतंही गाऊन झाली होती. अशा गायिकेने अख्खी तबकडी स्पॅनिशमध्ये काढायची, तीही मेक्सिकोच्या रांचेरा गाण्यांची, हा धंद्याच्या हिशेबाने आतबट्ट्याचाच व्यवहार होता.

रांचेरा हे शेतवाडीचं, गुराढोरांचं, घोड्यांचं गाणं. पण ते डोक्यावर घेतलं ते 1910 च्या क्रांतीनंतर गाव सोडून शहरात आलेल्या माणसांनी. 1930 मध्ये मेक्सिको सिटीत एक्सईडब्ल्यू हे नभोवाणी केंद्र सुरू झालं, 1936 मध्ये ‘आया एन एल रांचो ग्रांदे’ हा चित्रपट आला आणि हे गाणं देशभर पोचलं. त्याचे विषय मोजके: प्रेम, दगा, दारू, मागे राहिलेलं गाव. तालही मोजके, दोन, तीन नाहीतर चार मात्रांचे. साथीला मारियाची: व्हायोलिनं, ट्रम्पेटं, गिटार, छोटी विउएला आणि खर्जातला पोटफुगा गितार्रॉन. गाणं रंगात आलं की वादक आणि श्रोते लांबलचक आरोळी ठोकतात, तिला ग्रीतो म्हणतात. आपल्या मैफलीत जसं ‘क्या बात है’ आपसूक निघतं, तसंच ते.

लिंडाचं घर ॲरिझोनातल्या टूसॉनचं, मेक्सिकोच्या सरहद्दीजवळचं. आजोबा सोनोरातून आलेले. टूसॉनमध्ये त्यांनी स्वतःचा बँड उभा केला होता. वडील गिल्बर्ट हार्डवेअरचं दुकान चालवायचे आणि घरी गायचे. आत्या लुईसा एस्पिनेल रंगमंचावरची गायिका. तिने आपल्या वडिलांकडून, म्हणजे लिंडाच्या आजोबांकडून, ऐकलेली गाणी एका पुस्तिकेत छापली होती. वर्ष 1946, लिंडाच्या जन्माचंच. त्या पुस्तिकेचं नाव ‘कान्सिओनेस दे मी पाद्रे’. भाचीने तबकडीला तेच नाव दिलं, त्यामुळे त्यातले ‘वडील’ एका पिढीचे राहिले नाहीत.

इथवर ऐकून आपण म्हणाल, म्हणजे गाणं रक्तातच होतं. हे मला मान्य नाही. लिंडा स्पॅनिश अस्खलित बोलत नव्हती. 1976 मध्ये तिने वडिलांच्या मदतीने एक स्पॅनिश गाणं रचून गायलं होतं खरं, पण तेवढ्याने रांचेरा येत नाही. लहानपणी कानावर पडलेलं आणि गळ्यावर चढलेलं यांत फार मोठं अंतर असतं. ते तोडायला ती जाणकारांकडे गेली. निर्मितीला पीटर ॲशरच्या जोडीने रुबेन फुएन्तेस होते, ज्यांनी मारियाचीची आधुनिक वाद्यरचना घडवली. साथीला मारियाची वार्गास दे तेकालित्लान हे त्या परंपरेतलं मातब्बर घराणं. आणि डोळ्यांसमोर आदर्श रांचेरा गायिका लोला बेल्त्रानचा.

‘ला सिगार्रा’ नीट कान देऊन ऐका. मरेपर्यंत गात राहणाऱ्या रातकिड्याचं हे गाणं वापांगो चालीचं आहे. या चालीत आवाज भरल्या छातीतून एकदम वरच्या पातळ सुरात उडी घेतो आणि तिथे ताणून धरावा लागतो. दोन आवाजांमधला सांधा झाकायचा नसतो, तो ऐकू यायला हवा. पॉप गाताना लिंडाची सारी ताकद छातीतल्या दमदार सुरात होती. इथे तो सूर ऐन भरात सोडून द्यावा लागतो, आणि ती तो बेधडक सोडते. ‘लोस लाउरेलेस’मध्ये तोच सांधा वेगळ्या, खेळकर अंगाने येतो. काही ठिकाणी ध्वनिमुद्रण मला जास्तच घोटीव वाटतं, पण या दोन गाण्यांत नाही.

अमेरिकेत या तबकडीच्या वीस लाखांहून अधिक प्रती खपल्या. ग्रॅमी मिळालं. 2022 मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय यादीत तिची भर घातल्याचं जाहीर केलं. मला जास्त मोलाचं वाटतं ते हे, की लिंडा एवढ्यावर थांबली नाही. 1991 मध्ये तिने ‘मास कान्सिओनेस’ काढली, पुन्हा रांचेराचीच. पुढे आजाराने तिचा गळा हिरावून घेतला. 2009 साली टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओला तिने शेवटची मैफल केली, तेव्हाही साथीला मारियाचीच होते.