पित्ताशय : एका लहान गोदामाची हकीगत
(वार्षिक सर्वसाधारण सभेत शिरगाव येथे केलेले भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. परंतु पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेचे अंदाजपत्रक हाती घेताना नातेवाईक प्रथम विचारतात तो प्रश्न खर्चाचा नसतो. ‘पिशवी काढल्यावर माणसाला अन्न पचेल का?’ असे ते विचारतात. आमच्या शल्यचिकित्सकांकडून त्याचे उत्तर जसे समजून घेतले, तसे मांडतो.

‘पित्त झाले’ असे आपण म्हणतो, ते बहुधा जठरातील आम्ल असते. खरा पित्तरस यकृतात तयार होतो. दिवसाकाठी सुमारे अर्धा ते एक लिटर. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणाऱ्यांस हे चटकन उमगेल : यकृत हा कारखाना, पित्ताशय हे त्याचे गोदाम. गोदाम जेमतेम ३० ते ५० मिलिलिटरचे. पण तेथे पाणी शोषले जाऊन पित्त कित्येक पट दाट होते. तळलेली मासळी पोटात गेली, की लहान आतड्यातून एक संप्रेरक रक्तात मिसळते, पित्ताशय आकुंचन पावते आणि तो दाट रस आतड्यात उतरतो. साबणाने भांड्याचा तेलकटपणा सुटावा, तसे पित्तक्षार स्निग्धांशाचे बारीक थेंब करतात. पुढचे पचन स्वादुपिंडाचा रस करतो. गोदाम काढले तरी कारखाना चालूच राहतो; माल थोडा थोडा थेट आतड्यात जातो. काहींना सुरुवातीस तेलकट जेवणानंतर शौचास पातळ होते. बहुतेकांचे ते हळूहळू थांबते.

पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया कार्ल लांगेनबुख यांनी १८८२ साली बर्लिनमध्ये केली. आपल्या देशात दुर्बिणीद्वारे ती प्रथम १९९० साली, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी केली. पूर्वी कित्येक दिवस खाट धरावी लागे. आता गुंतागुंत नसल्यास रुग्ण बहुधा एक-दोन दिवसांत घरी जातो. ज्याची बोट हंगामात किनाऱ्यावर थांबून चालत नाही, त्याला या फरकाची किंमत विचारावी.

सोनोग्राफीत खडे दिसले, पण त्रास नसेल, तर बहुधा शस्त्रक्रियेची गरज नसते. (आमच्या लेखा विभागानेही हे लक्षात ठेवावे!) मात्र खडा पित्तनलिकेत अडकला, की कावीळ होते. अशा वेळी कावीळ उतरवून घेण्यासाठी रुग्णाला गावोगाव फिरवू नये. सोबत थंडी वाजून ताप आणि पोटदुखी असेल, तर त्याच रात्री रुग्णालय गाठावे.

पैसे जमेपर्यंत थांबणारी घरे आहेत, म्हणून सांगतो. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली ठरवून दिलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांतील १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात. तातडीच्या प्रसंगी अशा रुग्णाकडून अनामत मागता येत नाही. शिधापत्रिका किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. रात्री तो हाताशी नसेल, तर दुसऱ्या दिवशी नोंदणी कक्षात आणून द्यावा.