पडत्या बाजारात नुकसान कुणाचं होतं?

हल्ली गटाच्या बैठकीत एक प्रश्न वरचेवर येतो. “ताई, बाजार पडला की शेअर स्वस्त मिळतात म्हणे. मग गटाची बचत तिथं का टाकू नये?” प्रश्न रास्त आहे. आज त्याचंच बोलू.

शेअर म्हणजे कंपनीतला छोटा वाटा. त्याचा भाव रोज वरखाली होतो, बाजार समितीत कांद्याचा होतो तसा. मुंबई शेअर बाजारातल्या ३० मोठ्या कंपन्यांच्या भावांवरून जो आकडा काढतात, तो सेन्सेक्स. टीव्हीवर रोज सांगतात तोच.

आता कोरोनाचं वर्ष आठवा. जानेवारी २०२० मध्ये सेन्सेक्स ४२ हजारांच्या आसपास होता. २३ मार्चला एका दिवसात तो १३ टक्के पडला आणि २६ हजारांच्याही खाली आला. पुढे जानेवारी २०२१ मध्ये त्यानं ५० हजारांचा टप्पा गाठला.

समजा, दोघी बायकांनी त्या जानेवारीत सेन्सेक्सप्रमाणे चालणाऱ्या फंडात दहा-दहा हजार गुंतवले. मार्चमध्ये दोघींचेही साधारण ६,२०० उरले. पहिलीच्या घरी काम बंद, दवाखाना मागे लागलेला. तिला पैसे काढावेच लागले. तिचे ३,८०० गेले ते गेलेच. दुसरीला गरज नव्हती, ती थांबली. वर्षभरात तिचे पैसे दहा हजारांच्या वर गेले. बाजार दोघींना सारखाच होता. फरक एवढाच, की एकीला थांबता आलं आणि एकीला नाही.

आणि दर वेळी वर्षभरात बाजार सावरतो असंही नाही. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २० हजारांच्या पुढे होता. मार्च २००९ मध्ये तो ८ हजारांवर आला. जुनी उंची गाठायला २०१० ची दिवाळी उजाडली. शिवाय सेन्सेक्स सावरला म्हणून प्रत्येक कंपनी सावरत नाही. जानेवारी २००९ मध्ये सत्यम कॉम्प्युटर्सचे हिशोब खोटे निघाले आणि एका दिवसात शेअरची किंमत पाव भागाच्याही खाली गेली.

म्हणून माझं स्पष्ट मत: गटाची बचत शेअरमध्ये नको. ती दहा जणींची आहे. कुणाचं बाळंतपण, कुणाची पेरणी, कुणाची फी. गरज बाजाराची वाट बघत नाही. गटाचा पैसा अंतर्गत कर्जातून फिरतो, त्याचं व्याज गटातच राहतं आणि सावकाराचं दार टळतं. उरलेली रक्कम बँकेत ठेवा. बँकेतल्या ठेवीला प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंत विमा आहे. हा विमा पतसंस्थेतल्या ठेवीला नाही, आणि शेअरलाही नाही.

मग बाईनं शेअर बाजाराकडे बघूच नये का? जरूर बघावं, पण क्रमानं. आधी जास्त व्याजाचं कर्ज फेडा. मग चार-सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवा. विमा उतरवा. त्यानंतर जो पैसा पाच-सात वर्षं लागणार नाही, त्यातला थोडा दर महिन्याला फंडात टाका. एकाच कंपनीवर सगळं लावू नका आणि कर्ज काढून तर कधीच गुंतवू नका.

शेवटचं. अडचणीच्या काळात फसवणारेही वाढतात. मोबाईलवरच्या ग्रुपमध्ये कुणी “हमखास दुप्पट” म्हणालं, तर तिथंच थांबा. शेअर बाजारात हमखास काही नसतं. सल्ला देणाऱ्याची सेबीकडे नोंदणी आहे का, ते विचारा. ऑनलाइन फसवणूक झालीच तर लाजू नका, लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितका पैसा हातातून निसटतो.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं वहीत दोन रकाने आखा: वर्षभरात लागणारा पैसा आणि न लागणारा पैसा. दुसरा रकाना रिकामा राहिला, तर वाईट वाटून घेऊ नका. आधी पहिला भक्कम करू.