मापाच्या वहीतील कथा



स्वागतसमितीच्या वतीने आपणा सर्व कथाकारांचे या करवीरनगरीत मनःपूर्वक स्वागत करीत असताना प्रथमच हे सांगणे मला अगत्याचे वाटते की, ज्या कथांतून माणसाचे वजन वाढते, अंग भरते आणि त्या वाढीबरोबर त्याचा जगाशी असलेला संबंधही पालटत जातो, अशा कथांचा जो विषय आपण चर्चेसाठी घेतला आहे, तो या गावाला परका नाही. राजर्षी शाहू छत्रपती स्वतः भव्य देहाचे आणि मल्लविद्येचे थोर आश्रयदाते. त्यांच्या कारकिर्दीत, 1912 साली पुरे झालेले खासबागेचे कुस्तीमैदान आणि त्याला लागूनच उभे राहिलेले पॅलेस थिएटर, म्हणजे आजचे केशवराव भोसले नाट्यगृह, हा आखाड्याचा आणि रंगभूमीचा शेजार आमच्या गावाचे भूषण आहे. दूध, तूप आणि बदामाची थंडाई यांचा खुराक घेऊन एखादा कोवळा पोरगा वर्षा-दोन वर्षांत अंग धरतो, तेव्हा ‘पोरानं तब्येत केली’ असे तालमीतले वस्ताद अभिमानाने सांगतात. तेथे वाढलेले वजन ही कमाई समजली जाते.

माझे वडील याच गावात शिंपीकाम करीत. त्यांच्या दुकानात लाल कापडी पुठ्ठ्याची, लांबट आकाराची मापाची वही असे, आणि गिऱ्हाइकाचा जुना आकडा न खोडता त्याच्या शेजारी नवा लिहावयाचा, असा त्यांचा दस्तूर होता. एका मल्लाच्या पानावर छातीचा आकडा 38 वरून 46 पर्यंत चढत गेलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे. त्या काळी तो दुकानात शिरला की बाकावरची माणसे उठून त्याला जागा देत. पुढे गुडघा निकामी होऊन आखाडा सुटला, अंग मात्र राहिले. हळूहळू पोटाच्या रकान्यातील आकडा छातीच्या आकड्यापुढे गेला, आणि तीच माणसे त्याच बाकावर बसून, त्याची पाठ वळताच त्याच्या चालण्याची नक्कल करू लागली. वडील त्याचे माप घेताना आकडा कधी मोठ्याने उच्चारीत नसत. मुकाट्याने वहीत लिहीत, आणि सदऱ्याच्या शिवणीत दोन बोटे माया अधिक सोडीत. माणूस वाढला तर उसवून घेता यावे म्हणून आत राखून ठेवलेल्या कापडाला आपल्या भाषेने ‘माया’ हाच शब्द द्यावा, याचे मला आजही नवल वाटते.

त्या वहीत जे होते, ते आपल्या कथावाङ्मयात मी पुष्कळ शोधले. म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट आपण सर्वांनी बालपणी ऐकली आहे. वाटेत अडवणाऱ्या हिंस्र पशूंना ‘लेकीकडे जाऊन धष्टपुष्ट होऊन येते’ असे अभिवचन देणारी ती कृश म्हातारी खरोखरच तशी होऊन परतते. ग्रिम बंधूंच्या 1812 सालच्या संग्रहातील हान्सेलला चेटकीण खाऊ घालते ती त्याच्या भक्षणासाठी, म्हणून तो बिचारा बोटाऐवजी हाड पुढे करून आपले भरलेले अंग लपवतो. आमच्या म्हातारीला खाऊ घालणारी मात्र तिची पोटची लेक आहे. दोन कथांतील ही तफावत केवढी मोठी! आणि तरीही, लेकीच्या स्वयंपाकघरात चुलीशेजारी बसून, पानावर तुपाची धार पडत असताना, त्या म्हातारीची हाडे हळूहळू कशी झाकली गेली, गालांवर तजेला कसा आला, हातातल्या सैल बांगड्या घट्ट कशा झाल्या, ते दिवस कथेने एका वाक्यात उरकले.

पुढील काळातही हेच घडत आले. डिकन्सच्या 1836-37 मधील ‘पिकविक पेपर्स’मध्ये सदा पेंगणारा स्थूल पोरगा जो आपल्याला भेटतो तो तयार स्थितीतच, त्याच्या वाट्याला हसणे आले, आणि 1956 साली अमेरिकेतील वैद्यांनी अतिस्थूलतेतून उद्भवणाऱ्या श्वसनविकाराला त्या कादंबरीचेच नाव दिले. आमच्या पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’मधील ‘उपास’ मी किती वेळा वाचला असेल याची गणती नाही. परंतु तेथेही कथेला आरंभ होतो तो वजन उतरवण्याच्या संकल्पापासून. वजन वाढले ते कथेच्या आधी, पडद्यामागे. बाळंतपणातील डिंकाचे लाडू संपले, पण अंग उतरले नाही. औषधाच्या गोळ्यांनी चेहरा सुजला आणि तो आरशात आपलासा वाटेना. शोकाच्या वर्षात रात्री एकटीने उठून डबे उघडले. किंवा सुखाच्या संसारात दोघेही मिळून जाड झाली: हे सारे आपल्या घराघरांत घडते आणि त्याची नोंद फक्त शिंप्याच्या वहीत होते. स्थूलतेचे अपाय वैद्याने अवश्य सांगावेत, त्यांविषयी माझी तक्रार नाही. कथाकाराने मात्र ते आकडे एकामागून एक वाचावे आणि दोन आकड्यांच्या मधल्या जागेत काय घडले, ते त्या माणसाच्या आतून आम्हांस सांगावे, असा माझा आपणांस कळकळीचा अर्ज आहे.

सरबराईच्या बाबतीत दोन शब्द. या सभागृहातील हातांच्या अरुंद खुर्च्या समितीने हलवून त्यांच्या जागी बिनहातांची रुंद बाके आणि मागील बाजूस जाजमे व लोड यांची तजवीज केली आहे. कोणासही अंग आखडून बसण्याचे कारण पडू नये. दुपारी साडेबाराला पंगत बसेल. तांबडा आणि पांढरा असे दोन्ही रस्से आहेत, शाकाहारी मंडळींचा बंदोबस्त निराळा आहे, आणि आग्रह करताना वा न करताना कोणाच्याही देहाचा उल्लेख होता कामा नये, अशी ताकीद वाढप्यांस दिलेली आहे.

वडिलांची ती वही मी आज येथे आणली आहे. नावांवर कागद चिकटवून ती बाहेरच्या दालनात मेजावर ठेवली आहे. ज्यांना पाने चाळावीशी वाटतील त्यांनी ती जरूर चाळावी. आता अध्यक्षमहाराजांनी परिषदेची सूत्रे हाती घ्यावीत, अशी मी त्यांना नम्र विनंती करतो.